ओळखखूण: समोरच्या दोन दातांमध्ये फट

"तोंड उघडा," शिक्काताई म्हणाल्या.

डॉक्टर गोंधळले. हे वाक्य गेली एकोणतीस वर्षं ते स्वतः दिवसातून तीसेक वेळा म्हणत आले होते. एकदोन जुने प्रसंग सोडले तर त्यांना मात्र ते कोणी म्हटलं नव्हतं, आणि दंत परिषदेच्या तीन नंबरच्या खिडकीतून कोणी म्हणेल हे तर त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"उघडा ना, डॉक्टर. मागे रांग आहे."

रांग होती हे खरंच. नोंदणी नूतनीकरणाचा शेवटचा दिवस होता आणि डॉक्टरांच्या मागे अकरा जण उभे होते. अकराही दातांचे डॉक्टर. 'तोंड उघडा' हे शब्द कानावर पडताच अकराही माना एकदम पुढे आल्या. डॉक्टरांनी नाइलाजाने आ केला. शिक्काताईंनी मोबाइलचा टॉर्च लावला.

"हिरड्या छान ठेवल्यात हं," रांगेतला एक म्हणाला.

"खालची डावी सहा नंबरची बघा. काहीतरी काळं दिसतंय."

"ती सावली आहे हो."

"सावली कसली, एक्स-रे काढा म्हणावं."

शिक्काताईंनी टॉर्च बंद केला, समोरची पिवळी पडलेली फाइल पाहिली, पुन्हा टॉर्च लावला आणि पुन्हा आत पाहिलं. मग चष्मा कपाळावर सरकवून त्या म्हणाल्या, "फट कुठाय?"

"कसली फट?"

"तुमची ओळखखूण. 'वरच्या समोरच्या दोन दातांमध्ये फट, दोन मिलिमीटर.' तुमच्याच अक्षरात आहे."

डॉक्टरांनी फाइलीत डोकावून पाहिलं. अक्षर त्यांचंच होतं. एकोणतीस वर्षांपूर्वी पहिली नोंदणी करताना अर्जात 'शरीरावरील ओळखखूण' असा रकाना होता. साधी माणसं अशा रकान्यात गालावरचा तीळ लिहितात किंवा गुडघ्यावरचा व्रण. डॉक्टरांच्या डाव्या कोपरावर चांगला बटणाएवढा तीळ होता. पण नुकतेच पास झालेले, वय तेवीस, दंतवैद्यक डोक्यात गेलेलं. जबड्याच्या खालीही माणसाचं शरीर असतं, हे त्या दिवसांत त्यांच्या लक्षातच यायचं नाही. त्यांनी मोजपट्टी घेतली, आरशासमोर उभं राहून फट मोजली आणि लिहून टाकली.

"ताई, ती फट बुजवली मी. म्हणजे बुजवून घेतली. कधीच."

"ओळखखूण बुजवली?" शिक्काताईंनी अशा आवाजात विचारलं, की रांगेतल्या दोघांनी हळूच स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवली.

"पण इतकी वर्षं कोणी विचारलं नाही!"

"इतकी वर्षं तुम्ही अर्ज पोस्टाने पाठवत होता. यंदापासून प्रत्यक्ष पडताळणी आहे. खूण जुळली तर माणूस तोच. नाही जुळली तर..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं आणि शिक्का उचलून बाजूला ठेवला.

शिक्काताई खडूस नव्हत्या. हे सगळे डेंटिस्ट मान्य करत. त्या कोणावर ओरडत नसत, कोणाला उद्या या म्हणत नसत आणि कोणालाच सोडतही नसत. नियम त्यांनी पाठ केलेले नव्हते, ते त्यांना आपोआप आठवत.

"आज पाच वाजेपर्यंत झालं नाही तर?" डॉक्टरांनी विचारलं.

"तर नाव पटावरून कमी होतं. मग नवी नोंदणी. लेखी परीक्षा, तोंडी परीक्षा. तीन-चार महिने धरून चाला." त्यांनी कॉम्प्युटरवर काहीतरी पाहिलं. "मागेही एकदा झालंय की तुमचं. पंधरा वर्षांपूर्वी तेवीस दिवस नोंदणी खंडित होती. तेव्हा नुसत्या दंडावर भागलं."

ते तेवीस दिवस डॉक्टर विसरणं शक्यच नव्हतं. दवाखान्यात दोन खुर्च्या होत्या, एक त्यांची आणि एक त्यांच्या बायकोची. बायकोही दातांचीच डॉक्टर. फक्त तिला नूतनीकरणाची तारीख लक्षात राहायची आणि यांना नाही. नोंदणी नाही म्हणजे कोणाच्या तोंडात बोटही घालायचं नाही. म्हणून ते तेवीस दिवस डॉक्टर बाहेरच्या टेबलावर बसून बायकोच्या पेशंटांची नावं लिहून घेत होते. त्यांचा स्वभाव गप्पिष्ट. पेशंट ठणकणारी दाढ घेऊन यायचा आणि तासभर बोलून, दाढ विसरून घरी जायचा. दोघांना त्यांनी "दुखत नसेल तर राहू द्या की" असंही सांगितलं होतं. चोविसाव्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "पुन्हा नोंदणी चुकवलीस ना, तर तू दवाखान्यात यायचं नाहीस. घरी बसून माझ्या आईशी गप्पा मार."

सासूबाई गप्पांमध्ये डॉक्टरांच्याही वरचढ होत्या. त्यात त्या ऐकून घेत नसत.

"काही उपाय, ताई?" डॉक्टरांचा आवाज बारीक झाला होता.

"आहे ना." शिक्काताईंनी खणातून एक कागद काढला. "नमुना ग. ज्या डेंटिस्टने खूण घालवली, त्याने लिहून द्यायचं. नाव, नोंदणी क्रमांक, खूण प्रथम नाहीशी झाल्याची तारीख, सही. तुमची फट कोणी बुजवली?"

"बायकोने."

"त्या डेंटिस्ट आहेत?"

"आहे."

"मग झालं की. घरचंच काम."

अकरा डेंटिस्टांनी सुटकेचा श्वास टाकला. डॉक्टर कागद घेऊन जिन्यात आले आणि त्यांनी फोन लावला.

"बोल पटकन. मास्तरांना भूल देतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी सगळं सांगितलं. मास्तरांचं "आं?" तेवढं ऐकू आलं.

"अगं, ऐकतेस ना? एक सही. तारीख घालायची नि सही करायची."

"तारीख कोणती घालू?"

"ज्या दिवशी भरलीस ती."

"ती तारीख आठवते तुला?"

"न आठवायला काय झालं! आपलं ठरलं तो दिवस. चार तारीख."

"आणि माझी नोंदणी कधी झाली?"

डॉक्टर जिन्याच्या पायरीवर बसले.

डॉक्टरीणबाईंची नोंदणी अकरा तारखेची होती.

त्याचं असं झालं होतं. त्या काळी डॉक्टर कॉलेजात नवे शिकवायला लागले होते आणि डॉक्टरीणबाई शेवटची परीक्षा पास होऊन नोंदणीच्या कागदाची वाट बघत होत्या. डॉक्टरांचं त्यांच्यावर मन बसलं होतं. अडचण एवढीच होती, की त्या फटीमुळे 'स' म्हणताना डॉक्टरांच्या तोंडून शिट्टी वाजायची. तीही बारीकसारीक नाही, रेफ्रीची. 'माझ्याशी संसार करशील का' हे वाक्य त्यांनी बाथरूममध्ये शंभरदा म्हणून पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी सामना सुरू झाल्यासारखं वाटलं होतं. शेवटी एका रविवारी रिकाम्या विभागात त्यांनी सुरुवात केली. "माझ्याशी सं..." एवढं म्हणेपर्यंत डॉक्टरीणबाईंना हसू फुटलं. मग त्यांना वाईट वाटलं. मग त्या म्हणाल्या, "बस खुर्चीत. आधी ती फट भरू, मग बोल काय ते. तोंड उघड."

त्या जुन्या प्रसंगांतला हा पहिला. पाऊण तासाने डॉक्टरांनी वाक्य बिनशिट्टीचं पूर्ण केलं. डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या. त्यांच्या आयुष्यातलं ते पहिलं स्वतंत्र काम. उत्तम वठलेलं आणि सात दिवसांच्या फरकाने बेकायदेशीर.

"बारा वर्षांपूर्वी तू ते पुन्हा भरलं होतंस," डॉक्टर फोनवर म्हणाले. "तीच तारीख घाल ना."

"रकान्यात काय लिहिलंय, वाच."

"'खूण प्रथम नाहीशी झाल्याची तारीख.'" डॉक्टरांनी 'प्रथम' हा शब्द लिहिणाऱ्याला मनातल्या मनात शिवी दिली. "मग पुढच्या महिन्यातली कुठलीही घाल. कोण बघतंय?"

"केसपेपरवर खोटी तारीख मी जन्मात घातलेली नाही."

"केसपेपर केलाच नव्हतास!"

"म्हणूनच."

"अगं, पण खरी तारीख घातलीस तर नोंदणीआधी काम केलं म्हणून तुझं नाव जाईल. न घातलीस तर माझं जाईल."

"कळतंय मला. गणित मलाही येतं. मास्तर, तुम्ही मान हलवू नका."

जिन्यावरून एक डेंटिस्ट नवं प्रमाणपत्र छातीशी धरून खाली गेला. डॉक्टरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो दोन पायऱ्या चुकला.

मग डॉक्टर सावकाश म्हणाले, "फट बुजवल्याचं प्रमाणपत्र लागतं. फट असली तर काहीच लागत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे फटच परत आणायची."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे?"

"तू भरलंस ते तूच काढायचं. भरलेलं काढायला तुझी नोंदणी आहे ना आता? एकदम कायदेशीर काम."

डॉक्टरीणबाई विचार करत होत्या. कुठलीही वेडगळ गोष्ट कायद्यात बसते म्हटलं, की त्यांना ती थोडीफार पटायची.

"किती वाजले?"

"सव्वातीन."

"ये," त्या म्हणाल्या. "मास्तरांना भूल नेहमी उशिरा चढते. तेवढ्यात बसतंय का बघू."

*

मास्तर म्हणजे शाळेतले निवृत्त गणिताचे मास्तर. अर्धा ओठ जड झालेले, गळ्यात कागदी लाळेरं बांधलेले मास्तर एका खुर्चीत होते. डॉक्टर धापा टाकत आले आणि थेट दुसऱ्या खुर्चीत, पेशंटच्या जागी, आडवे झाले. मास्तरांनी डोळे विस्फारले.

"काही नाही, मास्तर," डॉक्टर म्हणाले. "आपली ओळख पटवायला चाललोय."

"आं," मास्तर म्हणाले. भूल दिलेल्या माणसाला याहून जास्त मत देता येत नाही.

डॉक्टरीणबाईंनी आधी कोरा केसपेपर घेतला.

"अगं, ते राहू दे! पावणेचार वाजलेत!"

"अजिबात नाही. या वेळी सगळं रीतसर." आणि त्यांनी नीट वळणदार अक्षरात लिहिलं. पेशंटचं नाव. वय. तक्रार: फट नाही. उपचार: फट पूर्ववत करणे. खाली सही, नोंदणी क्रमांक आणि आजची तारीख. मग मास्क वर ओढला.

"तोंड उघड."

डॉक्टरांनी उघडलं. मशीन सुरू झालं. डोक्यावरच्या दिव्याकडे बघवेना, म्हणून डॉक्टर समोरच्या कपाटाकडे बघत राहिले. तिथे त्यांची लाडकी बाटली होती. बाटलीत एक अक्कलदाढ, आकड्यासारख्या वाकड्या मुळांची आणि अखंड. त्यांनी आजवर काढलेल्या दाढांमधली सर्वांत अवघड. कुठलाही पेशंट घाबरला, की डॉक्टर ती बाटली त्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "ही माझ्या बायकोची. एक कपचासुद्धा उडाला नाही." बाटलीवर त्यांच्याच अक्षरात चिठ्ठी होती: 'अवघड केस. यशस्वी.' खाली तारीख.

दात काढताना माणूस का ओरडतो, हे डॉक्टरांना त्या दहा मिनिटांत नव्याने समजलं. दुखत काही नव्हतं, पण आपल्या तोंडात दुसऱ्याचं चाललेलं काम दिसत नाही, हेच मुळात भयंकर होतं. मध्येच डॉक्टरीणबाई गुणगुणू लागल्या. डॉक्टरांना घाम फुटला. डॉक्टरीणबाई गुणगुणतात ते काम अवघड असलं की, हे फक्त त्यांनाच माहीत होतं.

"झालं. चूळ भर." मग त्यांनी बारीक मोजपट्टी आत घातली. त्यांचा आवाज जरासा हळवा झाला. "दोन मिलिमीटर. एकोणतीस वर्षांत तसूभर हलली नाही बघ."

"सुंदर!" डॉक्टर म्हणाले.

खणखणीत शिट्टी वाजली. मास्तर खुर्चीत ताठ झाले. तीस वर्षं शाळेत काढलेला माणूस. शिट्टी झाली की रांगेत उभं राहायचं, एवढंच त्यांना कळत होतं.

*

परिषदेच्या इमारतीच्या दारात सुरक्षारक्षक होता. सकाळी त्याच्याशी काहीच अडचण आली नव्हती.

"साहेब, स्कूटर इथे लावू?" डॉक्टरांनी विचारलं.

दोन शिट्ट्या. रक्षक ताडकन उठला. "मला शिट्टी मारता?"

"नाही हो, साहेब..." तिसरी.

"परत! इथे बारा वर्षं नोकरी करतोय मी. कुत्र्याला बोलावल्यासारखं कोणी बोलावलं नाही अजून."

"तसं नाही, साहेब. समोरच्या..." डॉक्टरांनी हात जोडले आणि उरलेलं सगळं खुणांनी सांगायला सुरुवात केली. दात दाखवले, फट दाखवली, फुंकर मारून दाखवली. रक्षकाने वाकून पाहिलं. "अरेच्चा," तो म्हणाला. "माझ्या मेव्हण्याचं सेम आहे." मग मेव्हण्याविषयी चार मिनिटं. घाईतल्या माणसाला मेव्हणा किती मोठा असू शकतो, हे डॉक्टरांना तेव्हा कळलं.

चार पंचवीसला ते खिडकीशी पोचले. रांग ओसरली होती. शिक्काताईंनी टॉर्च लावला आणि बराच वेळ आत पाहिलं. मग डॉक्टरांच्या डोळ्यांत पाहिलं. मग पुन्हा आत.

"फट आहे," त्या म्हणाल्या.

"आहे," डॉक्टर म्हणाले. जपून, 'स' टाळून.

"दोन मिलिमीटर असेल."

"अगदी."

शिक्काताईंनी शिक्का उचलला. डॉक्टरांनी डोळे मिटले. ठप्प असा आवाज आला नाही.

"फोटोत तोंड मिटलंय की हो तुमचं."

"अं?"

"खूण चेहऱ्यावर असेल तर ती फोटोत दिसायला हवी. सूचना क्रमांक अकरा."

"हे मघाशी का नाही बोललात?"

"मघाशी खूणच नव्हती," शिक्काताई शांतपणे म्हणाल्या. "फोटोत काय दिसणार होतं?"

डॉक्टर रस्त्यापलीकडच्या फोटोच्या दुकानाकडे धावले.

फोटोवाला कलावंत माणूस होता. त्याने डॉक्टरांना स्टुलावर बसवलं, हनुवटी डावीकडे केली, मग उजवीकडे, मग होती तिथेच परत आणली. "हसा, साहेब." डॉक्टरांनी फट दाखवत दात विचकले. "एवढं नको. थोडं मनापासून." डॉक्टरांनी मनापासून विचकले. क्लिक झालं. चार चाळीसला प्रिंट हातात आली.

फोटोत एक गोरा, काळ्याभोर केसांचा, चाळिशीतला माणूस प्रसन्न हसत होता. त्याचे दात मोत्यांच्या माळेसारखे सलग होते.

"फट कुठे गेली?" डॉक्टर किंचाळले.

"भरली, साहेब," फोटोवाला खुशीत म्हणाला. "टचिंगमध्ये. सगळ्यांच्याच भरतो. फुकट आहे ते."

गेल्या सहा तासांत साठलेलं सगळं डॉक्टरांच्या डोक्यात एकदम चढलं. ते ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "तुमच्याकडे परवाना आहे?"

"कसला?"

"दातांमधल्या फटी बुजवायचा!"

फोटोवाल्याने हातातला माउस अलगद खाली ठेवला. अशा गिऱ्हाइकांशी कसं वागायचं, हे त्याला ठाऊक होतं: वाद घालायचा नाही आणि दाराचा रस्ता मोकळा ठेवायचा.

"काढून टाका ती. फट परत आणा. मला माझा खरा चेहरा द्या!"

"साहेब, असा फोटो माझ्या दुकानातून बाहेर गेला तर लोक काय म्हणतील?"

"पाठीमागे तुमचा शिक्का मारू नका!"

एकही 'स' नसल्यामुळे हे वाक्य बिनशिट्टीचं, डॉक्टरांच्या मनासारखं उमटलं. फोटोवाल्याने दुखावल्या मनाने फट परत आणली. केस तेवढे काळे राहिले; ते डॉक्टरांनी चालवून घेतले.

दारात रक्षक उभा होताच. "काय झालं हो, साहेब, तुमचं?" तो आपुलकीने म्हणाला. डॉक्टरांनी तोंड घट्ट मिटून, हात हलवून त्याला ओलांडलं. एक 'स' पडला असता तर मेव्हणा परत आला असता.

चार सत्तावन्न. शिक्काताईंनी फोटो पाहिला, तोंड पाहिलं, फाइल पाहिली. तिन्ही ठिकाणी फट होती.

ठप्प.

डॉक्टरांना तो आवाज सनईसारखा वाटला. पुढच्या पाच वर्षांचं प्रमाणपत्र त्यांच्या हातात आलं. शिक्क्याची शाई ओली होती आणि खाली स्वच्छ टाइप केलेलं होतं: 'ओळखखूण: वरच्या समोरच्या दोन दातांमध्ये फट.'

पाच वाजले. शिक्काताईंनी खिडकी लावली, पर्स घेतली आणि बाजूच्या दाराने त्या बाहेर आल्या.

"डॉक्टर, जरा थांबता? आता खिडकी बंद झाली, म्हणून विचारते."

डॉक्टरांनी प्रमाणपत्र पाठीमागे लपवलं. आता दुपारची फट आणि संध्याकाळची फट यांचा हिशेब मागणार.

"ही उजवीकडची दाढ चार दिवस झाले ठणकतेय. दिवसभर डेंटिस्ट समोर उभे असतात, पण कामाच्या वेळेत विचारणं बरं दिसत नाही."

डॉक्टरांनी प्रमाणपत्र काळजीपूर्वक बगलेत धरलं आणि मोबाइलचा टॉर्च लावला.

"तोंड उघडा," ते म्हणाले, आणि त्यांना आपण परत आपण झाल्यासारखं वाटलं.

कीड होती. उद्या सकाळी दहाला या म्हणून त्यांनी सांगितलं. निघताना शिक्काताई म्हणाल्या, "मला फक्त खूण जुळते का एवढं बघायचं असतं, डॉक्टर. कधीपासून जुळते, असा रकाना नाही." जिन्याशी त्या पुन्हा थांबल्या. "मॅडमची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय. त्यांना म्हणावं, येण्याआधी स्वतःची खूण बघून या. त्यांनीही दातच लिहिलाय."

*

डॉक्टर दवाखान्यात पोचले तेव्हा मास्तर घरी गेले होते आणि डॉक्टरीणबाई हत्यारं उकळायला टाकत होत्या. डॉक्टरांनी प्रमाणपत्र फडकवलं. डॉक्टरीणबाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, नीट वाचलं आणि त्यांचे खांदे सैल झाले. दिवसभर ते वर चढलेले होते, हे आत्ता कळलं.

"आता पाच वर्षं ही फट बुजवायची नाही म्हणजे," त्या म्हणाल्या.

"बुजव की. तीस दिवसांत कळवायचं फक्त. नमुना ग." मग त्यांनी शिक्काताईंचा निरोप सांगितला. "तू कुठला दात लिहिला होतास?"

"मला काय आठवतंय!" डॉक्टरीणबाईंनी कपाटातून जुनी फाइल काढली. त्यांच्या फाइलीत सगळं तारीखवार असायचं. त्यांनी पहिल्या अर्जाची प्रत उलगडली आणि वाचलं. "'खालची उजवी अक्कलदाढ, आडवी.'"

दोघांच्याही नजरा एकदमच कपाटातल्या बाटलीकडे गेल्या. आकड्यासारख्या मुळांची दाढ शांतपणे पडून होती.

"मग घाबरतेस कशाला?" डॉक्टर म्हणाले. त्यांची छाती फुगली होती. "ती मी काढलीय. मी नमुना ग देतो. माझी नोंदणी बघ, कोरी करकरीत." त्यांनी खिशातला चुरगळलेला कागद टेबलावर पसरला, पेन काढलं. नाव लिहिलं, क्रमांक लिहिला. "तारीख?"

"बाटलीवर आहे की."

डॉक्टरांनी बाटली दिव्याखाली धरली आणि तारीख वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग पेनाचं टोपण लावलं.

"काय झालं?"

"तुला ती आठवते ना, ती वेळ... तुझी दाढ सुजली होती. रविवार होता. मला वेळच वेळ होता. बाहेरच्या टेबलावर बसून कंटाळलो होतो..."

डॉक्टरीणबाईंनी बाटली त्यांच्या हातातून घेतली. तारीख तेवीस दिवसांमधल्या चौदाव्या दिवसाची होती.

हत्यारांचं भांडं कोपऱ्यात रटरटत होतं.

"परत बसवता येईल?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्यांचा स्वर पूर्णपणे व्यावसायिक होता.

डॉक्टरांनीही तेवढ्याच गंभीरपणे विचार केला. "पंधरा वर्षं झाली. हाड भरलं असेल. नाही."

"म्हणजे मी माझं खरं सांगितलं की तू मरतोस."

"आणि मी माझं नाही सांगितलं की तू."

डॉक्टरांनी अर्धवट भरलेला नमुना बाजूला सरकवला. मग बायकोकडे बघून म्हणाले, "समजा, सरळ सगळं सांगून टाकलं तर? तुझी चार तारीख, माझी ही तारीख. दोघांनी सोबत जाऊन. काय करतील? सासूबाईंशी दोघं गप्पा मारत बसू."

शिट्ट्यांची अशी काही सरबत्ती झाली, की रस्त्यावर कोणीतरी करकचून ब्रेक दाबला. डॉक्टरीणबाईंनी ओठ आवळले. मग खुर्चीचा दांडा धरला. मग त्या अशा हसत सुटल्या, की त्यांना पेशंटच्याच खुर्चीत बसावं लागलं.

"नमुना ग दोन आण उद्या," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "दोन्हींवर खऱ्या तारखा घालू. त्या ताई येणार आहेत ना दाढेला? त्यांनाच विचारू कसं भरायचं ते. पण भूल चढायच्या आत."

"ठरलं."

डॉक्टरीणबाईंनी मान कलती करून त्यांच्याकडे पाहिलं. "ते वाक्य म्हण ना एकदा."

"कोणतं?"

"मी अर्ध्यात तोडलं होतं ते. फटीसकट कधी ऐकलंच नाही मी."

डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं. दवाखान्यात कोणी नव्हतं. त्यांनी कॉलर नीट केली, घसा खाकरला आणि तेवीस वर्षांचा मुलगा म्हणेल तसं म्हणाले, "माझ्याशी संसार करशील का?"

दोन्ही शिट्ट्या पूर्ण वाजल्या.

डॉक्टरीणबाईंनी हात पुढे केला.

"आधी परवाना दाखव," त्या म्हणाल्या.